बसून पाठ पिळताना कळ येते? आधी बैठक तपासा

वाचकाचं पत्र : मी डिचोलीची, वय ५४. म्हापशाला ऑफिसात बसून काम, जाणं-येणं स्कूटरने. गेल्या पावसाळ्यापासून गावातल्या देवळाच्या सभागृहात पहाटे साडेपाचच्या योगवर्गाला जाते. बाकी आसनं जमतात, पण अर्धमत्स्येंद्रासनात (एक पाय दुमडून, दुसरा त्याच्यावरून पलीकडे टेकवून बसल्या जागी पाठ पिळायचं आसन) उजवीकडे वळलं की डाव्या बाजूला, कमरेखाली खळी असते तिथे, अगदी बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ येते. डावीकडे वळताना काही होत नाही. उजवीकडे वळणंही कमी होतं आणि उजवा नितंब वर उचलला जातो. आमचे सर सांगतात, नितंब उचलू देऊ नका, कोपर गुडघ्याबाहेर अडकवून जोर लावा. जोर लावला की कधी ‘कट्’ असा आवाज येतो. पाळी जाऊन ४ वर्षं झाली. आसन सोडून देऊ का? आणि यजमानांच्या एका खुब्याचा सांधा मागच्या वर्षी बदलला, तेही माझ्याबरोबर करू म्हणतात. चालेल का?

उत्तर : ताई, आसन सोडू नका. कोपराचा जोर मात्र आजपासून बंद करा आणि पुढचे तीन आठवडे जमिनीवरून उठून खुर्चीवर या. सरांच्या दोन सूचना वेगवेगळ्या घेतल्या तर त्यांत फारसं वावगं नाही. त्या एकत्र पाळल्या की तुमच्यासारख्या थोड्या आखडलेल्या शरीरात सगळा ताण नेमका त्या खळीपाशी जाऊन बसतो.

कमरेतल्या पाच मणक्यांची रचना पुढे-मागे वाकण्यासाठी आहे. त्यांच्या मागच्या बाजूचे जोडसांधे असे उभे असतात की फिरायला गेलं की ते एकमेकांना अडवतात. एका मणक्यावर दुसरा जेमतेम एक-दोन अंश फिरतो, म्हणजे अख्खी कंबर मिळून दहा अंशांच्या आसपास. बरगड्या जिथे जोडलेल्या असतात त्या छातीमागच्या बारा मणक्यांमधून मात्र प्रत्येक बाजूला तीसेक अंश वळण मिळतं. मान त्याहून कितीतरी जास्त फिरते, ऐंशी अंशांच्या पुढेमागे. म्हणून कुणी बसल्या जागी पार मागे वळलेलं दिसलं तरी कंबर तेवढी पिळली आहे असं समजू नका. त्यात बराचसा वाटा मानेचा, खांद्यांचा आणि खुब्यांचा असतो. ‘कंबर पिळा’ ही सूचना वर्गात सर्रास दिली जाते. ती ‘छाती वळवा’ अशी दिली तर निम्मी दुखणी होणारच नाहीत असं आमचं मत आहे.

आता तुमची कळ. उजवीकडे वळताना कमरेच्या डाव्या बाजूचे जोडसांधे एकमेकांवर दाबले जातात. शिवाय तुम्ही दाखवता त्या खळीखाली पाठीचा कणा आणि खुब्याचं हाड यांचा सांधा असतो. तो शरीरातल्या सगळ्यांत कमी हलणाऱ्या सांध्यांपैकी एक, जेमतेम दोन-चार अंश. नितंब जमिनीवर दाबून धरले की खुब्यांचं कडं, म्हणजे कमरेखालचा हाडांचा घेर, जागच्या जागी अडकतं. वरून कोपराने पहारीसारखं रेटलं की छाती आखडलेली असल्याने वळण तिथे होत नाही. मग रेटा खाली उतरतो आणि जिथे वळायची सोयच नाही तिथे थांबतो. एका बोटाने दाखवता येणारी कळ बहुधा याच सांध्याची किंवा त्याच्या शेजारच्या जोडसांध्याची असते. पत्रावरून निदान करता येत नाही, पण दोन्हींवर पहिला उपाय एकच : कड्याला थोडं वळू द्या आणि हाताचा रेटा काढून घ्या.

नितंब उचलला जाण्याचं कारणही आळस नाही. खुबा आणि मांडीची मागची बाजू ताठ असेल तर पाय पसरून बसल्यावर कडं मागे कलंडतं, कंबर बाहेरच्या बाजूला गोल होते आणि वजन माकडहाडाकडे जातं. गोल कमरेवर पिळणं हा मणक्यांमधल्या चकत्यांना सगळ्यांत न मानवणारा प्रकार. चकतीच्या बाहेरचं धाग्याधाग्यांचं वेष्टण वाकल्यामुळे आधीच मागून ताणलेलं असतं, त्यात पीळ पडला की निम्मे धागे आणखी ताणले जातात. हे घरी तपासायला आरसा नको. पाय पसरून बसा आणि हाताचा पंजा कमरेच्या मागे ठेवा. मणक्यांची टोकं मण्यांसारखी बाहेर लागत असतील तर बैठक चुकली. नितंबांखाली चादर किंवा घोंगडी घडी घालून चार इंच उंची द्या आणि पुन्हा हात लावा. टोकं आत गेली, मधे उभी खाच लागली, की बैठक बसली. चार इंचांनीही होत नसेल तर सहा इंच घ्या, किंवा सरळ ठेवलेला पाय गुडघ्यात थोडा दुमडून खाली उशी सरकवा. यात कमीपणा काही नाही. नुसता जेवायला बसायचा पाट घेऊ नका. तो कडक असतो आणि ढुंगणाखालच्या दोन टोकदार हाडांना टोचतो, मग माणूस नकळत एका बाजूला कलतो. पाटावर चादर घालून घेतलीत तर उत्तम.

खुर्चीवरचा प्रकार असा. चाकांची खुर्ची नको. प्लास्टिकची असेल तर पाठ भिंतीला टेकवून ठेवा. पावसात लाद्या घामेजतात आणि पिळताना खुर्ची सरकते. पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाठ टेकू नका. गुडघे खुब्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली हवेत. पाऊल पुरतं टेकत नसेल तर इथे पाटाचा उपयोग करा, पायांखाली. पावलं खुब्यांइतक्या अंतरावर आणि समोर.

पहिला आठवडा हात छातीवर घडी घालून करा, म्हणजे ओढायला काही उरणारच नाही. श्वास घेताना डोक्याचा माथा वर जाऊ द्या, हनुवटी न उचलता. श्वास सोडताना छातीच्या मधलं हाड उजवीकडे न्या. आधी बेंबीच्या वरचा भाग, मग बरगड्या, मग खांदे, आणि मान सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात : नजर आणि मान भर्रकन मागे, छाती जागेवरच. समोर घड्याळातले १२ आहेत असं धरलं तर छातीचं हाड १ च्या थोडं पुढे गेलं की काम झालं. डावा गुडघा बोटभर पुढे आणि उजवा बोटभर मागे सरकला तर सरकू द्या. ते कडं वळतंय, आणि तेच आपल्याला हवं आहे. फक्त दोन्ही बाजूंचं वजन सारखं राहू द्या. बूड खुर्चीवर, पण कडं मोकळं, हा फरक एकदा अंगात उतरला की सरांची पहिली सूचनाही पाळली जाते.

वळलेल्या जागी तीन श्वास थांबा. दर श्वास घेताना वळण केसभर सोडून ताठ व्हा आणि सोडताना पुन्हा तेवढंच वळा. श्वास सोडल्यावर बरगड्यांचा पिंजरा आक्रसतो, म्हणून त्या क्षणी वळण आपसूक मिळतं. रोखलेल्या श्वासावर जोर काढला तर रक्तदाब चढतो आणि पोटही कडक होतं. परत येताना आधी मान, मग खांदे, मग छाती. एक-दोन श्वास समोर बघून थांबा, मगच दुसरी बाजू. प्रत्येक बाजूला दोनदा, रोज. यापेक्षा जास्त केल्याने लवकर सुटत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून डाव्या हाताचा तळवा उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला ठेवा आणि उजवा हात खुर्चीच्या पाठीवर. हात तिथे आधाराला असतात. नखं पांढरी पडली किंवा खांदा कानाकडे चढला तर तुम्ही ओढताय.

याच्याबरोबर छाती मोकळी करायचा एक व्यायाम लावा, कारण खरी अडचण तिथे आहे. डाव्या कुशीवर झोपा, दोन्ही गुडघे पोटाकडे काटकोनात घ्या आणि मधे उशी दाबून धरा. दोन्ही हात समोर जोडलेले. श्वास सोडत वरचा उजवा हात उचलून पाठीमागे उघडत न्या, नजर हाताबरोबर. गुडघे एकमेकांवरून सुटायला लागले की तिथेच थांबा. मागचा हात जमिनीला टेकायलाच हवा असं नाही. आठ वेळा, मग दुसरी कूस. पाय असे दुमडून ठेवल्याने कमरेला फिरायला वाव फारसा राहत नाही आणि वळण छातीतून काढावं लागतं. ऑफिसात बसणाऱ्यांना आसनापेक्षा याचाच फायदा आधी जाणवतो.

उजवीकडे कमी वळतं यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला माणूस विरळाच. रोजच्या सवयी मात्र बघा. नारळ खवताना आदोळीवर रोज एकाच बाजूने बसणं, ऑफिसात स्क्रीन एका अंगाला आणि फाइली दुसऱ्या अंगाला, आणि मुख्य म्हणजे स्कूटर मधल्या स्टँडवर चढवणं. डाव्या बाजूला उभं राहून, वाकून, कमरेत पिळून शंभरेक किलोचं वाहन मागे खेचणं म्हणजे तुमच्या दुखऱ्या सांध्याला रोजचा धक्का. तीन आठवडे बाजूचा स्टँड वापरा. आखडलेल्या बाजूला शेवटी एक जादा फेरी करायला हरकत नाही, पण त्यात जास्त वळू नका, जास्त वेळ थांबा.

‘कट्’ आवाजाबद्दल. न दुखता, कधीतरी आलेला आवाज बहुधा सांध्यातल्या द्रवात अचानक वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो, बोटं मोडताना येतो तसाच. त्याने सांधा झिजत नाही आणि ‘मणका जागेवर बसला’ असंही होत नाही. मुद्दाम आवाज काढण्यासाठी पिळू नका. आवाजाबरोबर कळ आली किंवा काहीतरी निसटल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी तिथेच थांबा.

पहाटे साडेपाचची वेळ वाईट नाही, पण उठल्या उठल्या पिळणं वाईट. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. या तट्ट फुगलेल्या चकत्यांना खोल वाकणं आणि पिळणं जड जातं. वर्गाला चालत जा, किंवा घरात वीसेक मिनिटं वावरून मग निघा. वर्गात हे आसन शेवटाकडे घ्या. त्याआधी हात-गुडघ्यांवर येऊन मार्जारासनात पाठ सात-आठ वेळा वर-खाली करा. सुट्टीच्या दिवशी उशिरा करणार असाल तर अकराची पेज पोटात जाण्याआधी उरका. पेजेनंतर दीड-दोन तास आणि शीतकडीच्या भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. मांडी पोटावर दाबली जात असल्याने भरल्या पोटी आंबट ढेकर हमखास येतात.

तीन आठवड्यांनी खुर्चीवर दोन्ही बाजूंना कळ येत नसेल, तरच जमिनीवर उतरा, आणि तेही आधी वक्रासनात. वक्रासनात खालचा पाय सरळ असतो. अर्धमत्स्येंद्रासनात तो दुमडून टाच विरुद्ध नितंबापाशी येते. मच्छिंद्रनाथांच्या नावाच्या पूर्ण आसनात तर ते पाऊल दुसऱ्या मांडीच्या मुळाशी चढवायचं असतं. वर्गात लोक मधल्या पायरीपासून सुरुवात करतात, कारण ते ‘आसनासारखं’ दिसतं.

वक्रासन उजवीकडे : चादरीच्या घडीवर बसा, डावा पाय सरळ, उजवं पाऊल डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला टेकवा. पाऊल गुडघ्याच्या बाहेर न्यायची घाई नको. उजवा हात मागे, माकडहाडापासून एक वीतभर अंतरावर, बोटं मागच्या बाजूला. फार मागे टेकवला की अंग रेलतं आणि कंबर ढिली पडते. हात पुरत नसेल किंवा मनगट दुखत असेल तर हाताखाली जाड पुस्तक किंवा लाकडी ठोकळा घ्या. डाव्या हाताच्या कोपराच्या खोबणीत उजवा गुडघा मिठीत घ्या आणि छातीकडे ओढा. कोपर बाहेर अडकवण्यापेक्षा ही मिठी चांगली. गुडघा छातीकडे आला की पाठ उभी राहते आणि रेटा लावायला जागाच नसते. उजवा नितंब किंचित हलका होत असेल तर घडी आणखी उंच करा. त्याला जबरदस्तीने खाली दाबू नका. नितंबाच्या खोल भागात ताण जाणवणं ठीक आहे, तो तिथल्या स्नायूचा आहे. पण तिथून मांडीमागे वीज उतरल्यासारखं किंवा मुंग्या आल्यासारखं झालं तर लगेच सोडा.

वक्रासनात पाच सहज श्वास दोन्ही बाजूंना टिकायला लागले की डावा पाय दुमडायला हरकत नाही. टाच नितंबाच्या शेजारी, नितंबाखाली नव्हे. टाचेवर बसलात तर कडं तिरकं होतं आणि सगळी मेहनत वाया. दुमडलेल्या गुडघ्यात आतल्या बाजूला चमक आली तर पाय पुन्हा सरळ करा. तो पीळ गुडघ्याच्या गादीवर पडतोय. आयुष्यभर वक्रासनावरच थांबलात तरी पाठीचं काही नुकसान नाही.

कोपर घामाने सरकतं म्हणून लोक आणखी जोर लावतात. सुती, गुडघा झाकणारी पँट घालून बसा. चटई लादीवर घसरत असेल तर खाली सतरंजी घालू नका, दोन्ही मिळून जास्त घसरतात.

पाळी जाऊन ४ वर्षं झालीत, म्हणून एक गोष्ट डॉक्टरांना विचारून घ्या : हाडांची घनता मोजायची तपासणी तुम्हाला गरजेची आहे का. घरात आईला किंवा आजीला खुब्याचं किंवा मणक्याचं हाड मोडलं असेल, दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या फार दिवस घेतल्या असतील, किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल तर टाळाटाळ नकोच. हाडं ठिसूळ असतील तर शेवटच्या टोकापर्यंत पिळणं आणि वाकून पिळणं दोन्ही बंद. हात छातीवर ठेवून, खुर्चीवर, अर्ध्या वळणापर्यंतचा प्रकार बहुतेकांना चालतो, पण तो डॉक्टरांना दाखवून. पोटाची ताजी शस्त्रक्रिया, हर्निया, पायात उतरणारी चकतीची कळ, मणका सरकलेला असणं, आणि गरोदरपण यांतही पोटावर मांडी दाबणारं पिळणं करू नये.

तीन आठवड्यांत कळ कमी झाली नाही तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. पायात बधिरपणा, पाऊल उचलताना अशक्तपणा, बसायच्या जागी बधिरता, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जा. हे क्वचित होतं, पण तिथे तासांचा हिशेब असतो.

पिळल्याने शरीरातली विषं निघून जातात, यकृत पिळून स्वच्छ होतं, हे मनावर घेऊ नका. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं चोवीस तास करतातच. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर त्या आसनाच्या भरवशावर कमी करायच्या नाहीत. वर्गात उजवी बाजू आधी करायला लावतात. तसं करा, बिघडत काही नाही.

सरांना काय सांगायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. वर्ग सुरू व्हायच्या आधी एकटं गाठून सांगा : ‘सर, या बाजूला कळ आहे, तीन आठवडे मी खुर्चीवर करीन, कृपया मागून हात लावू नका.’ बसून पिळताना दुसऱ्याने खांदा धरून वळवणं हा या आसनातला सगळ्यांत मोठा धोका आहे. कळ कुठे सुरू होते ते बाहेरच्या हाताला कळत नाही.

यजमानांनी हे तुमच्याबरोबर करू नये, निदान तुमच्यासारखं नाही. खुब्याचा कृत्रिम सांधा निसटण्याची भीती तीन हालचालींत जास्त असते : मांडी काटकोनापेक्षा जास्त दुमडणं, पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे नेणं, आणि मांडी आत वळणं. जमिनीवरच्या या आसनात त्या तिन्ही एकदम होतात. खुर्चीवरसुद्धा पाऊल जागेवर ठेवून कडं बदललेल्या खुब्याच्या बाजूला वळलं की त्याच बाजूची मांडी कड्याच्या मानाने आत, पलीकडच्या बाजूला जाते. शस्त्रक्रिया पुढून केली की मागून, यावर कोणती हालचाल किती काळ वर्ज्य ते ठरतं, म्हणून ज्यांनी सांधा बदलला त्या डॉक्टरांनाच विचारा. त्यांची परवानगी मिळाली तर बाल्कांवातल्या सोप्यापेक्षा (दारापुढच्या ओसरीतल्या बसायच्या कट्ट्यापेक्षा) उंच, टणक खुर्ची घ्या, गुडघे खुब्यांच्या खाली राहू द्या, दोन्ही पाय सुटे, हात छातीवर. वळण फक्त छातीपुरतं, कडं अजिबात न हलवता. तुम्हाला जे मोकळं सोडायला सांगितलं, ते त्यांनी धरून ठेवायचं आहे.